आशा, पण वन्संची नव्हे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चौलच्या बाजूची. वय ५८. माझं नाव छापू नका, गावही नको. मुलगा ७ वर्षांपासून टांझानियात दार-ए-सलामला नोकरीला आहे. सून तिथलीच, टांगा गावची, मुसलमान घरातली. लग्न तिकडेच रजिस्टर झालं. आम्ही कोणी गेलो नाही. तिकिटाचे पैसे नव्हते हे खरं, आणि मनही नव्हतं हेही खरं. गेल्या महिन्यात त्यांना मुलगी झाली. सुनेनं नाव ठरवलंय आशा. तिची आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. त्या आजीचं नाव आशा.

पण माझ्या थोरल्या वन्संचं नावही आशाच. मुलानं घरच्या ग्रुपवर नाव टाकल्या टाकल्या वन्संनी वाडीत पेढे वाटले. भाचा विसरला नाही, माझं नाव चालवलं, असं सगळ्यांना सांगत सुटल्यात. ताई, नातीला ह्या नावानं हाक मारायची म्हटलं की घास अडकल्यासारखं होतं. लग्नात माझं नाव बदललं ते त्यांनीच. मला कोणी विचारलं नाही. ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, ते वाचून मला कळलं आपण आता कोण ते. माहेरचं नाव खाली कंसात लिहिते, तेही छापू नका.

धाकटे दीर म्हणतात, मुसलमानी नाव आहे, लोकांना सांगू नका. जावेचा मुलगा म्हणतो, आपलंच संस्कृत नाव आफ्रिकेत गेलं, तसंच सांगा. मुलगा झाला असता तर सासऱ्यांचं नाव ठेवायचं घरात ठरलं होतं, दौलतराव. इंटरनेटवर पाहिलं तर एका जागी अर्थ 'आयुष्य', दुसऱ्या जागी 'उमेद', तिसऱ्या जागी दोन्ही. खरं काय? अर्थ चांगला आहे ना? आणि सुनेला एखादं दुसरं नाव सुचवलं तर चालेल का? ती फोनवर मला बघितलं की 'शिकामो' म्हणते. मी नुसती हसते.

— एक आजी

आजीबाई,

(ताई म्हणणार होते, पण नवं पद मिळालंय तर तेच वापरू. रुळायला बरं.)

पत्राच्या शेवटच्या दोन वाक्यांकडे मी शेवटी येते. आधी पेढ्यांचं बघू. तुमच्या नातीचं नाव वन्संच्या नावावरून ठेवलेलं नाही हे तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. पण मी त्याच्या एक पाऊल पुढे जाते: ते वन्संचं नावच नाही. वन्संची आशा वेगळी, टांग्याच्या आजींची आशा वेगळी. दोन्ही नावांचं मूळ वेगळं, अर्थ वेगळा, आजवरचा प्रवास वेगळा. ऐकायला तेवढी एकसारखी.

असं कसं होईल, म्हणाल. मलाही नवल वाटायचं. ह्यांच्या नोकरीपायी आम्ही ५ वर्षं दार-ए-सलामला होतो. पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं मला हाक मारली, "मामा मिहीर!" मी मागे वळून बघितलं, कोणाचा मामा आला म्हणून. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई. मूल झालं की बाई तिच्या नावापेक्षा लेकराच्या नावानं ओळखली जाते, आपल्याकडे चाळीत 'मन्याची आई' म्हणायचे तशी. मग कळलं, 'दादा' म्हणजे मोठी बहीण. 'काका' म्हणजे मोठा भाऊ. 'बीबी' म्हणजे आजी. ह्यांना ऑफिसातला तरुण शिपाई 'काका' म्हणायचा, तेव्हा हे दोन महिने मनातून खट्टू होते, एवढे का म्हातारे दिसतो म्हणून. तो बिचारा 'भाऊ' म्हणत होता. सगळ्या गोंधळात एक 'बाबा' तेवढा इथेही बाप आणि तिथेही बाप.

शब्द कानाला सारखा लागला म्हणून नातं निघत नाही. हे 'मामा'नं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं नाही.

पण जावेच्या मुलालाही मी अगदीच खोटं पाडणार नाही. तिकडच्या आणि आपल्या भाषेत खरीखुरी सोयरीक आहे, आणि तुम्ही राहता त्या किनाऱ्याला ती कळायला नको का? चौल हे केवढं जुनं बंदर! अरबस्तानाशी, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी त्याचा व्यापार होता. शिडाची गलबतं वाऱ्यावर जायची. ईशान्येकडून वारा सुटला, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, की खाली आफ्रिकेकडे. पुढे वारा फिरला की परत. तिकडे त्या पहिल्या वाऱ्याला 'कास्काझी' म्हणतात, दुसऱ्याला 'कुसी'. बंदराला स्वाहिलीत म्हणतात 'बंदारी'. आणि जहाजाचा कप्तान? 'नाहोधा'. तुमच्याकडच्या कोळीवाड्यातला नाखवाच तो, मूळ फारसी शब्द एकच. 'हेसाबू' म्हणजे हिशेब, 'साबुनी' म्हणजे साबण, 'वाकिली' म्हणजे वकील, 'तायारी' म्हणजे तयार, 'सेरिकाली' म्हणजे सरकार. गाडीला 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी'. भाषेचं 'स्वाहिली' हे नाव 'साहिल' म्हणजे किनारा ह्या अरबी शब्दाच्या अनेकवचनापासून आलंय. आपल्याकडे साहिल नावाची पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यांना हे सांगितलं तर गंमत वाटेल.

म्हणजे काही शब्द खरंच एका घरातले, काही नुसते दिसायला सारखे. आता आशा कुठल्या रांगेत बसते ते बघू.

स्वाहिली 'आशा' आली अरबीतून. तिचं अरबी रूप तुम्हाला माहीत असतं: आयेशा. पैगंबरांच्या पत्नीचं नाव. अरबीत त्याचा अर्थ 'जगणारी', 'जिवंत', त्यातही नुसती श्वास घेणारी नव्हे, चांगली नांदणारी. अरबीत त्या नावाच्या सुरुवातीला घशातून काढायचा एक वर्ण आहे आणि मध्ये एक झटका. स्वाहिलीला हे दोन्ही मानवत नाहीत. तिचे उच्चार मोकळे, प्रत्येक अक्षर स्वरावर संपणारं, आणि जोर कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर. त्यामुळे आयेशाची झाली आशा. 'आइशा' हे रूपही तिकडे चालतंच, आणि 'म्वाना' हा मानाचा शब्द पुढे जोडून 'म्वानाइशा'ही होते. नातीला हाक मारताना 'आ'वर जोर द्या, 'शा' जरा आखूड सोडा. सून चमकून बघेल.

ह्याच अरबी धातूचे आणखी दोन शब्द स्वाहिलीत रोज बोलले जातात. 'इशी' म्हणजे जगणं, राहणं. 'माइशा' म्हणजे आयुष्य. तुम्हाला इंटरनेटवर 'आयुष्य' हा अर्थ सापडला तो इथला. थोडा ढोबळ आहे. स्वाहिलीत आयुष्याला 'आशा' म्हणत नाहीत. टांग्याच्या बाजारात उभं राहून तुम्ही 'आशा' म्हणालात तर आयुष्याबद्दल कोणी काही बोलणार नाही, आशा नावाची एखादी बाई वळून बघेल. नाव म्हणून तिच्या पोटात 'जगणारी' आहे, एवढंच.

आणि आता खरी मौज. ह्या नावाचं मराठीत एक नातेवाईक आहे, पण ते 'आशा' नाही. ते आहे 'ऐष'. हो, ऐष करणे, ऐषआराम, तोच. अरबीत 'ऐश' म्हणजे जगणं. तो शब्द फारसीतून आपल्याकडे येईपर्यंत जगण्याचा अर्थ चैनीकडे झुकला. इजिप्तमध्ये तोच शब्द भाकरीसाठी वापरतात. एकाच शब्दाला कोणी चैन म्हणालं, कोणी भाकरी, आणि टांग्याच्या एका बाईचं ते नाव झालं. जावेच्या मुलाला सांगा, नातं आहे रे, पण तू चुकीच्या घराचं दार वाजवतोयस.

वन्संची आशा मात्र पूर्ण आपल्या घरची. संस्कृत. उमेद, अपेक्षा, इच्छा. शाळेत ते सुभाषित तुम्हीही पाठ केलं असेल: 'आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला'. आशा ही माणसांची एक अजब बेडी, जिच्यात बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. (भाचा आपलं नाव चालवतोय म्हणून वाडीभर धावणाऱ्या वन्सं माझ्या डोळ्यांपुढे आल्याच. माफ करा.) संस्कृतात ह्याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, दिशा. अमरकोशात दिशेची नावं मोजताना 'आशा' येते. पारशांच्या जुन्या धर्मग्रंथांत आणखी एक 'अशा' आहे. तिचा अर्थ सत्य, सृष्टीचा नियम, आपल्या वेदांतल्या 'ऋता'ची ती बहीण. म्हणजे मोजायला गेलं तर बायका तीन, हाक एक.

इंटरनेटवरचा घोळ कसा झाला तेही आता कळलं असेल. इंग्रजी लिपीत ही सगळी नावं त्याच चार अक्षरांत लिहितात. स्वाहिली पूर्वी अरबी लिपीत लिहायचे, तेव्हा आयेशा डोळ्यांना तरी वेगळी दिसायची. आता नावांच्या याद्या करणारे एकीचा अर्थ दुसरीपुढे चिकटवतात, आणि तिसरा दोन्ही उचलतो. उमेद ह्या अर्थाचं नाव स्वाहिलीत हवंच असेल तर ते आहे 'तुमाइनी'. तिकडे ठेवतातही.

आता दीर. ते म्हणतात मुसलमानी नाव आहे. बरोबर म्हणतात. त्या किनाऱ्यावर इस्लाम काल-परवा आलेला नाही. झांझिबार बेटावर किझिमकाझी इथे एक मशीद आहे, तिच्यातला कोरीव लेख ११०७ सालचा आहे. तेव्हा आपल्याकडे ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायला दीडशेहून जास्त वर्षं बाकी होती. तिथे आयेशा, फातुमा, रेहेमा ही नावं पिढ्यान् पिढ्यांची. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

माझं मत विचाराल तर मला दिरांपेक्षा जावेच्या मुलाची युक्ती जास्त खटकते. दीर निदान नाव ज्याचं त्याला देतात. 'आपलंच संस्कृत नाव' असं सांगून तुम्ही लोकांचं तोंड बंद कराल, पण सुनेच्या आजीला तिच्या नावातून बाहेर काढाल. आणि हे ती मराठी शिकल्यावर कधीतरी तिच्या कानावर जाईलच. त्या मुली भराभर शिकतात. माझ्या शेजारणीच्या लेकीनं वर्षभरात माझ्या फोडणीवर मराठीतून शेरे मारायला सुरुवात केली होती.

आणि तुमच्या कैलासवासी सासऱ्यांचं नाव दौलतराव ना? 'दौलत' हा शब्द अरबी. घरात मुलगा झाला असता तर तुम्ही सगळ्यांनी आनंदानं अरबी नाव ठेवलं असतं आणि वन्संनी त्याचेही पेढे वाटले असते. हैबतराव, गुलाबराव, दौलतराव, ह्यांतलं पहिलं आणि तिसरं अरबीतून आलं, मधलं फारसीतून, आणि तिघांच्या मागे आपला 'राव' लागला की कोणाला काही वाटत नाही. महाराजांचे वडील शहाजी आणि काका शरीफजी. शाह शरीफ ह्या पीराला मालोजीराजांनी नवस केला होता, त्यावरून ही नावं ठेवली, असं परंपरेनं सांगतात. दिरांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. जेवण झाल्यावर सांगा.

स्वाहिलीनंही तसंच केलंय. त्यांचं एक उदाहरण मला फार आवडतं. अरबी 'किताब' तिकडे गेलं, त्याचं झालं 'कितावू' नव्हे, 'किताबू'. (पाच वर्षांनंतरही जीभ घसरते.) आता स्वाहिलीत 'कि'नं सुरू होणाऱ्या कितीतरी नामांचं अनेकवचन 'वि' लावून होतं. त्यांनी त्या परक्या 'कि'लाही आपलाच धरलं आणि अनेक पुस्तकांना म्हणू लागले 'विताबू'. अरबाला विचाराल तर तो कपाळावर हात मारेल. पण शब्द त्यांच्या घरचा झाला. आशा तशीच घरची झाली. टांझानियाच्या परराष्ट्रमंत्री होऊन पुढे २००७ पासून २०१२ पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या उपमहासचिव होत्या त्या आशा-रोज मिगिरो. एका आडव्या रेघेनं आशा आणि रोज शेजारी बसल्या, आणि नाव अगदी टांझानियाचं वाटतं.

अर्थ चांगला आहे ना, असं विचारलंत. चांगला आहे. 'जगणारी' ह्याहून बाळाला आणखी काय हवं? पण अर्थावरून नशीब ठरतं अशी धास्ती असेल तर एका बाईची गोष्ट सांगते.

१८८० च्या सुमारास झांझिबारमधल्या फुंबा गावात, गुलामीतून आलेल्या एका घरात एक मुलगी जन्मली. नाव ठेवलं 'म्तुम्वा'. अर्थ गुलाम. शब्दशः, जिला कोणीतरी कामाला धाडतं ती. झांझिबारमध्ये गुलामी कायद्यानं बंद झाली १८९७ मध्ये, म्हणजे ही पोर मोठी झाली ती तशाच दिवसांत. आईबरोबर मडकी घडवायची, विकत हिंडायची, आणि माल विकताना तिचा आवाज लांबवर ऐकू जायचा. १९११ मध्ये ती शहरात आली, गाणं शिकली, मोठमोठ्या घरांत गाऊ लागली, आणि लोकांनी तिला नवं नाव दिलं: सिती. म्हणजे बाईसाहेब. सिती बिंती साद. तोवर तिकडच्या दरबारी बैठकीत तारब, म्हणजे तिकडचा गाण्याचा एक प्रकार, गायचं ते अरबीत. हिनं ते स्वाहिलीत आणलं, गल्लीतल्या बायाबापड्यांना कळेल असं. आणि १९२८ मध्ये ही बाई जहाजानं आपल्या मुंबईला आली. 'हिज मास्टर्स व्हॉइस'साठी तिच्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण मुंबईत झालं. त्या तबकड्या परत तिकडे गेल्या आणि चहाच्या दुकानांतून वाजल्या. १९५० मध्ये ती वारली. आज तिकडे तिला 'म्तुम्वा' म्हणून कोण ओळखतं?

(जाता जाता: 'म्तुम्वा' ज्या 'तुमा' म्हणजे पाठवणे ह्या क्रियापदापासून झाला, त्यापासूनच 'म्तुमे' झालाय. त्याचा अर्थ प्रेषित. धाडलेला गुलाम आणि धाडलेला प्रेषित, दोघांत शेवटच्या अक्षराचं अंतर. भाषा कधी कधी अशी चिमटे काढते.)

आपल्याकडे नकुशा होत्याच. साताऱ्यात २०११ मध्ये २८५ मुलींची ती नावं बदलण्याचा कार्यक्रम झाला. त्या मुलींनी नवी नावं स्वतः सांगितली. बाईचं नाव बदलणं हे वाईटच असं मी म्हणत नाही. कोण बदलतंय आणि तिला विचारलंय का, एवढंच मी बघते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला, सुनेला दुसरं नाव सुचवू का, माझं उत्तर 'नको' आहे. आणि हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, आजीबाई. तांदूळ तुम्ही बघितलेत. आपल्या डोळ्यांदेखत कोणीतरी आपलं नाव ठरवतंय आणि आपण घुंगटाआडून वाचतोय, हे तुमच्या पत्रातल्या तीन ओळींत आहे. टांग्याला ताट आणि तांदूळ नसतील, फोन असेल. 'मला एक नाव सुचतंय हं' असं तुम्ही गोड आवाजात म्हणालात की तिकडे तेच होईल. ती नाही म्हणणार नाही. तुम्ही म्हणाला होतात का?

एक गोष्ट करता येईल, आणि ती तिला विचारूनच. आपल्याकडे पाळण्यातलं नाव वेगळं असतंच. ते तुम्ही ठेवा. कागदावर आशा, मग बापाचं नाव, मग आडनाव. तिकडेही मुलाच्या नावापुढे बापाचंच नाव लावतात, त्यामुळे कागद भरताना कोणी अडून बसणार नाही. फक्त जन्मदाखल्यावर नावाची इंग्रजी अक्षरं जशी असतील तशीच पुढे सगळीकडे ठेवायला मुलाला बजावा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की काय होतं ते आम्ही मिहीरच्या वेळी भोगलंय.

आता वन्सं. त्यांना माफ करा असं मी म्हणणार नाही. तो हिशेब तुमचा, तो कुठल्या सदरातून मिटत नाही. पण पेढे परत मागायचे नाहीत. आणि खोटंही बोलायचं नाही. पुढच्या वेळी त्या चारचौघांत 'माझं नाव' म्हणाल्या की एवढंच म्हणा, "वन्सं, तिकडे एक आशाआजी होत्या. आई नसलेल्या नातीला त्यांनी वाढवलं. त्यांचं नाव आहे हे. तुमच्याशी जुळलं." हे ऐकून त्या गप्प बसल्या तर बसू द्या. तरीही अर्धा वाटा मागत राहिल्या तर मागू द्या, नाव काही झिजत नाही. तुमच्यापुरतं तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं की तुम्ही हाक मारताय ती वन्संच्या आशेला नाही. महिनाभर तिकडच्या ढंगानं हाक मारून बघा, 'आ'वर जोर देऊन. घास अडकायचा थांबेल असं मला वाटतं. माझं तर 'मामा' ऐकून हसू यायचं महिन्याभरात थांबलं.

आणि सुनेला आता तिकडे सगळे 'मामा आशा' म्हणू लागले असतील. तुम्हीही एकदा म्हणून बघा. आपल्या कानांना विचित्र लागेल, हसाल. ती मात्र हसणार नाही, तिला बरं वाटेल.

राहिलं ते 'शिकामो'.

हा साधा नमस्कार नाही, आजीबाई. बरोबरीच्या माणसाला तिकडे 'जाम्बो' म्हणतील, 'हबारी' म्हणतील. 'शिकामो' फक्त वडीलधाऱ्यांना. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते'. म्हणजे तुमची सून प्रत्येक फोनवर तुमच्या पाया पडते आहे, आणि तुम्ही नुसत्या हसताय.

त्याला उत्तर द्यावं लागतं. दिलं नाही तर तिकडच्या माणसाला वाटतं, ह्यांनी नमस्कार घेतला नाही. उत्तर एकाच शब्दाचं आहे, 'मराहबा'. आरशापुढे चारदा म्हणा, 'ह'वर अडखळू नका. रविवारी फोन येईल तेव्हा तिनं 'शिकामो' म्हटलं की लगेच म्हणा.

मग बाळ बघा. मग तिच्या आजीबद्दल विचारा, काय रांधायच्या, कशा हाक मारायच्या. आणि ती तुमचं नाव विचारेल. तांदळातलं सांगू नका. पत्राच्या खाली कंसात आहे ते सांगा. मी ते दोनदा वाचलं. सुरेख आहे, आणि तिला उच्चारायलाही सोपं जाईल, प्रत्येक अक्षर स्वरावर संपतंय.